बँडपार्टीला लागण

वाटूरच्या बँडपार्टीत मी साइड ड्रम वाजवतो. लग्नसराईत आम्ही सगळे एकाच टेम्पोत बसतो, एकाच तांब्यातलं पाणी पितो. त्यामुळं एकाला काही झालं की सगळ्यांना होणारच! पण ते कशानं झालं, याचं उत्तर ज्याचं त्याचं वेगळं. असे किस्से एवढे साचलेत की टेम्पोत गाण्यांपेक्षा तेच जास्त चालतात.

आमचे मालक बाबूमामा. त्यांच्या मते सर्दी ट्रम्पेटमधून येते. "फुकताना काही न्हाई, पन श्वास घेताना पितळातली थंडी छातीत उतरती!" म्हणून एकदा त्यांनी ट्रम्पेट दुपारभर उन्हात ठेवली. ऐन मे महिना! वरात निघताना उन्हातून उचलली, थेट ओठाला लावली... आणि असा सूर निघाला की नवरदेवाची घोडीच उधळली.

पुढं कितीतरी दिवस मामा चहासुद्धा गार करून प्यायचे. वर आम्हालाच विचारायचे, "पन सर्दी झाली का? न्हाई ना!"

मंग खरूज आली. आमचे कोट कुणाचेच नसतात, ज्याला जो बसेल तो त्याचा. कॅसिओवाले गफूरभाई म्हणाले, "लाल रंग ऊन ओढतो. खाज बिलकुल त्याचीच!" मामांना पटलं. धावडा गावच्या लग्नात आम्ही सगळे कोट उलटे घालून उतरलो. लाल आत, पांढरं अस्तर बाहेर.

नवरीचा मामा धावत आला. "आचारी ना? एवढा उशीर? चला, जल्दी भात लावा!"

डोळ्यांची साथ आली तेव्हा गफूरभाईंचाच हुकूम सुटला, "कुनाच्या नजरेला नजर द्यायची न्हाई." आम्ही आभाळाकडं बघत वाजवू लागलो. थोड्या वेळानं अख्खी वरात माना वर करून उभी! नवरदेवाच्या वडलांनी मला हळूच विचारलं, "ड्रोन आपला हाय का त्यांचा?"

पण कहर केला दिगंबरनं. आमचा दुसरा ट्रम्पेटवाला, एक नंबरचा आळशी. एका सकाळी त्याचा गाल टम्म फुगलेला. मामांचे डोळेच भरून आले. "याला म्हंतात मेहनत! शिका जरा!"

मंग क्लॅरिनेटवाला फुगला. त्याच्यामागून मोठा पितळी भोंगा फुकणारा. मामा रोज जास्तच खूश. "आत्ता कुठं कामाला लागले!"

शेवटी मामांचाच गाल फुगला. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ही गालफुगी आहे मामा. एकाची दुसऱ्याला होते. घरी बसा."

"बाई, तुम्ही कधी ट्रम्पेट फुकली का?"

बाईंनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी शहागडला मोठी ऑर्डर. बाकीचे फुकणारे सगळे घरी पडलेले. मी म्हणालो, "मामा, तुम्हीपण नका येऊ." ते कसले ऐकतात! गालाला मफलर गुंडाळून आलेच. नुसत्या ड्रमवर आणि कॅसिओवर आम्ही कशीबशी वरात मांडवात आणली.

नवरदेव मात्र गाडीतून उतरल्यापासून तोंडावरचा रुमाल काढीना. हार घालताना तो रुमाल सरकला. दोन्ही गाल टम्म! पुढची माणसं दोन पावलं मागं सरकली.

मामा पुढं झाले. नवरदेवाला खालून वर न्याहाळलं, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी अदबीनं विचारलं,

"पाव्हनं, कोन्त्या बँडात असता?"