छपरावरची वाडी

नर्मदावहिनींना कुणाचं ऐकायची सवयच नव्हती. तलासरीत आमची घरं भिंतीला भिंत लावून, तेव्हा हे मी खात्रीनं सांगते. मी शाळेत शिक्षिका, अख्खा वर्ग गप्प बसवणारी. पण वहिनींपुढे माझं काही चालायचं नाही.

त्यांचे यजमान रतनभाऊ. इथे त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान होतं आणि डहाणूजवळ चिकूची वाडी. पक्षाघातानं ते अंथरुणाला खिळले. उजवी बाजू गेली, बोलणं दोन-चार शब्दांवर आलं. हाक मारायची तर डाव्या हातातली अंगठी ते खाटेच्या लोखंडी गजावर आपटत. उन्हाळ्यात स्लॅबखालची ती खोली भट्टीसारखी तापायची आणि वहिनी ओल्या पंच्यानं त्यांचं अंग पुसत बसायच्या.

२०१७ साली मुंबईची एक संस्था आली. लहान शहरांतल्या घरांवर हिरवी छपरं करायला ती अनुदान देत होती. अर्धं आधी, अर्धं दोन वर्षांनी, बाग जिवंत असेल तर. मधेच बाग काढली तर घेतलेलं परत. मयूरी नावाची हसतमुख मुलगी सगळं समजावून गेली. गच्चीवर पाणी न झिरपणारा थर आणि त्यावर नारळाच्या भुशाचं हलकं मिश्रण. त्याची पोती आली तशी वहिनींनी एक मूठ नाकाशी नेली आणि झटकून टाकली.

"ह्याच्यात काय उगवणार? माझं कपाळ?"

वाडीवाल्यांचा मातीचा तोरा, दुसरं काय! पोती परसात पडली आणि टेम्पोनं वाडीतली माती आली. पाड्यावरचा लडक्या आणि त्याची बायको शुक्री घमेली डोक्यावर घेऊन जिना चढत राहिले.

"वहिनी, निदान संस्थेला तरी कळवा," मी म्हटलं.

"बाई, मला माती शिकवू नका."

खोटं कशाला बोलू, बाग दृष्ट लागण्यासारखी झाली. पुढच्या उन्हाळ्यात भर दुपारी रतनभाऊंचं घोरणं भिंतीपलीकडून ऐकू यायचं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच वहिनी माझ्या ओट्यावर बसून सावकाश चहा प्यायल्या.

मग त्याच वर्षी, नोव्हेंबरात, जमीन हलायला लागली. आधी मांडणीवरची भांडी वाजली, मग भिंतींना भेगा पडल्या. धक्के थांबायचं नावच घेईनात. लोक तंबूत, ताडपत्रीखाली निजू लागले. वहिनींनीही भाऊंची खाट अंगणात काढली. थंडीनं त्यांची छाती भरली. डॉक्टरांनी बजावलं, परत बाहेर ठेवलंत तर माणूस हाती लागायचा नाही. डहाणूला न्यावं तर जमीन तिथेही हलत होती आणि माझ्या घरालाही भेगा पडल्या होत्या. भाऊ पुन्हा त्याच छपराखाली आले.

वहिनींनी माझ्यासमोरच मयूरीला फोन लावला.

"घाबरू नका ताई," ती बिचारी म्हणाली, "मिश्रण हलकं आहे. छपराला किती वजन झेपेल ते बघूनच दिलंय."

फोन ठेवला आणि वहिनी भिंतीला टेकून खालीच बसल्या. त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

"बाई, मी त्यांच्या डोक्यावर वाडी ठेवली."

मला त्यांचा राग आला होता, पण तो चेहरा बघून मी पाण्याचा तांब्या पुढे केला.

सकाळी माती उतरवायला लडक्याला बोलावलं. तो अंगणाच्या बाहेरच उभा राहिला.

"बाय, आमी आमच्या कुडाच्या घरात नाय निजत, तं तुमच्या गच्चीवर कसं चढू? मना पोरं हायेत."

त्याचं काय चुकलं? वहिनींनी पदर खोचला आणि स्वतःच वर गेल्या. "अनुदान गेलं खड्ड्यात," असं म्हणत घमेलं भरायचं, कठड्याशी न्यायचं, खाली ओतायचं. गुडघे धड वाकत नव्हते त्यांचे. मी खाली पडलेली माती फावड्यानं मागे ओढत होते, आणि वर बघून ओरडत होते की जरा दम खा.

अर्धी गच्ची मोकळी झाली असेल, तेवढ्यात पायाखालून गडगडाट आला. मी फावडं टाकून रस्त्यावर पळाले. "वहिनी, उतरा!" आतून गज वाजायला लागला, ठण ठण ठण, न थांबता. वहिनी जिन्यावरून घसरत-धडपडत खाली आल्या आणि अंगणात यायचं सोडून सरळ घरात शिरल्या.

हादरा थांबल्यावर मी आत गेले. भाऊ डाव्या हातानं वर छताकडे दाखवत होते, मान हलवत होते.

"नको... चढू."

स्वतःसाठी नव्हतेच ते हाक मारत. वहिनी वरून पडतील, म्हणून मारत होते.

वहिनींनी त्यांचा हात घट्ट धरला. "अहो, वर भुसा नाय. आपल्या वाडीतली माती आहे. मीच चढवली. मला अक्कल नव्हती हो!"

 भाऊंच्या ओठांचा एक कोपरा जरासा हलला.

"वास," ते म्हणाले. "येतो."

म्हणजे माहीत होतं त्यांना! वर पाणी घातलं की खिडकीतून आपल्या वाडीचा वास येत असणार, आणि त्याच वासात ते निजत होते.

वहिनींना असं रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी तोंड पुसलं, घमेलं उचललं आणि जिना चढायला लागल्या. मी अडवणार होते. पण हादरा येताच मी तर रस्त्यावर पळाले होते, कोणत्या तोंडानं अडवू?

खाली गज वाजत राहिला. भाऊ वहिनींना उतर म्हणत होते. त्यांना ते ऐकू येत होतं आणि त्या घमेलं भरत होत्या.