गोल्फच्या माळावरची कबुली

गोल्फच्या मैदानावरचा तो गुन्हा मी अजून विसरलेलो नाही. धाराशिव जिल्ह्यात गोल्फ, असं म्हटलं की पुण्याचे पाहुणे हसतात. खुशाल हसू देत. येडशीच्या पुढं उघड्या माळावर नऊ खड्ड्यांचं मैदान होतं आणि फी भरली की कुणालाही खेळता यायचं. हिरवळ म्हणाल तर नावालाही नाही. खड्ड्याभोवती तेल मारून दाबलेली वाळू, बाकी सगळा मुरूम, कुसळं आणि बोरीची झुडपं. बंदोबस्ताच्या निमित्तानं मी मोठमोठी मैदानं पाहिली, पण तिथं फाटकावरच माणसाची पारख होते. इथं भूमचा मास्तर आणि वाशीचा आडत दुकानदार एकामागोमाग एक खेळायचे. मला विचाराल, तर आपल्या भागातलं सर्वांत चांगलं सार्वजनिक मैदान तेच. अडचण एकच, तो माळ पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांच्या चराईचा होता.

मी तेव्हा तिथल्या ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना मैदानावर नेहमी खेळायला येणाऱ्या एका निवृत्त इंजिनिअरचा फोन आला. "साहेब, मेंढक्यानं आमच्या माळ्याला दगड मारलाय. तो स्वतःच कबूल करतोय. लवकर या."

आम्ही पोहोचलो तेव्हा माळी बेशुद्ध होता. मेंढपाळानं स्वतःचा पटका फाडून त्याचं डोकं बांधलं होतं आणि ते मांडीवर घेऊन बसला होता. पन्नाशी उलटलेला, वाळका माणूस. मला बघून म्हणाला, "म्याच मारलं, साहेब. शेळी वाळूवर चालली व्हती. तिला वळवाया दगड फेकला. ह्यो खाली वाकून वाळू दाबत व्हता, मला काय दिसला न्हाय. गडी एकदम आडवाच झाला."

माळ्याला सोलापूरला हलवलं, पंचनामा केला, मेंढपाळाला ताब्यात घेतलं. एवढ्यावर प्रकरण मिटलं असतं. पण आठवड्यापूर्वीच त्या दोघांचं वाळूत मेंढरं घुसण्यावरून चांगलंच वाजलं होतं, आणि 'एक दिवस तुझं डोस्कं फोडतो' हे मेंढपाळाचे शब्द चार लोकांनी ऐकले होते. माळ्याचे नातेवाईक ठाण्याच्या दारात बसले. जीवे मारण्याच्या प्रयत्नाचं कलम लावा, नाहीतर उठत नाही, म्हणाले. दुपारी खेळाडूंचं शिष्टमंडळ आलं. त्यांना माळावरची चराई कायमची बंद हवी होती. बोलण्यात इंजिनिअरसाहेब पुढे होते. माझ्यासमोर बसून चहा प्यायले.

आता खरं सांगायचं तर केस आयती ताटात आली होती. भांडण होतं, धमकी होती, कबुली होती. पोलिसासमोरची कबुली कोर्टात टिकत नाही, पण पुढचा तपास कुठं करायचा हे ती सांगते. मला खटकत होता तो दगड. हवालदारानं जागेवरून जप्त केलेल्या दगडाला रक्ताचा ठिपकासुद्धा नव्हता. मी त्याला झापलं तर म्हणाला, "साहेब, माळावर दगडच दगड. कुठला म्हणून हुडकू?" सोलापूरच्या डॉक्टरांनी कळवलं की जखम गोल आहे, आत मातीचा कण नाही. आमच्या माळावरचा दगड म्हणजे नुसती धार. त्यानं कातडी फाटते.

मी मेंढपाळाला परत समोर बसवलं. "मामा, दगड मारल्यावर काय काय झालं, सगळं सांगा. काही गाळू नका."

"काय सांगू? पळत गेलो. रगत बघून पटका फाडला, डोस्कं बांधलं. बोंब मारली तवा इंजिनेरसाहेब टेकाडावरनं खाली आले. म्या म्हणलं, माझ्या हातनं झालं. ते म्हणले, थांब, फोन लावतो. लई घाबरले व्हते. रोज आमाला बॉल हुडकाया लावत्यात, बोरीच्या काट्यात हात घाला म्हणत्यात. त्या दिशी बॉलचं नाव बी काढलं न्हाय."

तो सहज बोलून गेला. माझं लिहिणं थांबलं.

हरवलेल्या बॉलसाठी हा गृहस्थ सगळा माळ पालथा घालायचा, हे साऱ्या मैदानाला माहीत होतं. टेकाडापलीकडून मारलेला बॉल त्यानं त्या दिवशी शोधला नाही, म्हणजे तो त्याला आधीच सापडला होता. मी इंजिनिअरसाहेबांना बोलावून घेतलं.

"फोन केलात त्याच्या आधी बॉल मारला होता?"

"हो."

"तो कुठं गेला?"

ते पाणी प्यायले. परत मागितलं. मग खाली बघून म्हणाले, "माळ्याच्या पायाशी पडला होता. मी उचलला. टेकाडाच्या पलीकडं कुणी असेल असं वाटलं नाही, साहेब. मारण्याआधी ओरडायला हवं होतं. पण मेंढका स्वतःच म्हणत होता, मी मारलं म्हणून. मग मी गप्प बसलो."

माझं डोकं सणकलं. "आणि चराई बंद करा म्हणायला आलात?" मी त्यांची पिशवी मागवली. आपल्या पेनानं हिरवी खूण केलेला तो बॉल त्यांच्या पिशवीतच निघाला. पिशवीच्या शिवणीत रक्त होतं. आम्ही दोन्ही जप्त केलं. वेळीच बोलले असते तर निष्काळजीपणाचं साधं कलम लागलं असतं. आता पुरावा लपवल्याचंही लागलं.

माळी चौथ्या दिवशी शुद्धीवर आला. त्याच संध्याकाळी मेंढपाळाच्या सुटकेचे कागद झाले. मी म्हणालो, "मामा, तुम्ही सुटलात. घरी जा." तो हलला नाही.

"साहेब, म्हंजी माझ्या हातनं न्हाय झालं?"

"नाही. त्याला बॉल लागला, तुमचा दगड लागलाच नाही."

त्यानं ठाणे अंमलदाराला तेच विचारलं, मग दारावरच्या शिपायाला. मग तिथंच भिंतीला टेकून ढसाढसा रडला. इतके दिवस त्यानं ना वकील मागितला, ना जामिनाचं विचारलं, आणि ते आम्ही गुन्हेगाराचं लक्षण समजत होतो. या केसनं मला हे शिकवलं की लगेच कबुली देणारा माणूस खोटं बोलत नसला, तरी तो चुकलेला असू शकतो. त्याला जे खरं वाटतं ते तो सांगतो. खरं काय घडलं, ते शोधणं आपलं काम.

डोळे पुसून तो माझ्याकडं आला. "साहेब, आता त्याला बघाया सोलापूरला गेलो तर चालंल का? तोंड दावाया धीर व्हत न्हवता."

मी हवालदाराला सांगून त्याला सोलापूरच्या एस.टी.त बसवून दिलं.