दोष सुनेत शोधला
सुनेचं पोट तिसऱ्यांदा पडलं, तेव्हा नणंदेने माझ्या मुलासाठी दुसरी मुलगी बघून ठेवली. आमच्यात असंच चालतं. मूल टिकलं नाही की बाई तपासायची. तिला पपई द्यायची नाही, बादली उचलू द्यायची नाही. तरी नाही टिकलं तर बाई बदलायची. मुलगा हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही.

नव्या डॉक्टरीणबाईंनी दोघांचं रक्त मागितलं.

"मला काय झालंय?" मुलगा म्हणाला.

"तेच बघायचंय," त्या म्हणाल्या.

बऱ्याच दिवसांनी रिपोर्ट आले. सुनेचं सगळं ठीक होतं. मुलाच्या गुणसूत्रांत अदलाबदल निघाली. मी चौथी शिकलेली. म्हटलं, "बाई, कळेल असं सांगा."

त्यांनी लाल पेनाचं टोपण निळ्याला लावलं आणि निळ्याचं लाल पेनाला. "आजी, हरवलं काहीच नाही, म्हणून हे धडधाकट. पण बाळाकडे यातलं अर्धंच जातं. एखादा तुकडा कमी गेला, एखादा जास्त गेला, की बहुतेक वेळा गर्भ पडतो. नीट वाटणी झाली तर मूल चांगलंही होतं."

"मग पपई?"

"पपईचा काही संबंध नाही. बादलीचाही नाही."

"आणि दुसरी बायको केली असती तर?" मी सुनेसमोरच विचारलं.

"तिच्याही बाबतीत हेच होऊ शकलं असतं."

साधा ताप न येणारा माझा मुलगा. त्याच्याकडे कुणी बोटसुद्धा दाखवलं नव्हतं.

बाहेर येतो तोच नणंदेचा फोन. "वहिनी, मुलीकडचे थांबलेत. काय सांगू?"

"नको म्हणून सांग. आपल्या पोराच्या रक्तात आहे ते."

ती म्हणाली, "पुरुषात कुठे असं असतं?"

"सकाळपर्यंत मलाही वाटत नव्हतं," म्हटलं आणि फोन ठेवला.

मुलगा बाकावर मान खाली घालून बसला होता. सून त्याच्यासमोर उभी राहिली. "अहो, उठा. तुम्हाला बदलायचं का, ते मी घरी जाऊन ठरवते."

कुणी हसलं नाही. ती पुढची तारीख घ्यायला खिडकीकडे गेली. तो उठून तिच्यामागे रांगेत उभा राहिला. मी तिथेच बसले.