हारवालीचा आजार

हार कोणी नाकाजवळ नेला की ती त्याच्या हातावर फटका मारायची. "वास घेऊ नका! देवीचा हाये." एकदा एका पोलिसालाही मारला. तो हसला आणि जास्तीचा हार घेऊन गेला.

अकोल्याच्या बाजारात माझी भाजी आणि तिची फुलं, मध्ये एक पोतं. अशा बायका तुम्ही पाहिल्याच असतील. सकाळी बसल्या की उठत नाहीत, कारण बाजारात बाईने जावं अशी जागा नाही. पाणीच कमी प्यायचं, हा आमचा उपाय.

त्या हिवाळ्यात ती फार खोकायची. शेवंती ओवता ओवता तोंडाला पदर लावायची. मी म्हणायची, "फुलं उडून जातीन वो." ती म्हणायची, "उडू दे. तुया भाजीवर पडतीन, तुई भाजी तरी खपन." रोज देवीचे हार न्यायला मंदिरातल्या बाई येत. त्यांना त्या खोकल्याचं काही वाटलं नाही. उलट आल्याचा चहा प्या म्हणाल्या.

मग तिला ताप चढला. घरी सुनेला सांगितलं, पोट दुखते. मला मात्र कानात म्हणाली, "खाली जळून राहिलं वो बाई."

मी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण पोरगा. काय होतं, त्याने विचारलं. ही भिंतीकडे पाहत बसली. शेवटी मीच बोलले, "लघवीले आग होते हिले." तिने मला असा चिमटा काढला की दंड काळानिळा झाला.

लघवीच्या तपासणीत जंतू सापडला नाही. ताप हटेना. दवाखान्यात आम्हाला बाजारातल्या एकीने पाहिलं होतं. तेवढं पुरलं. 'हारवालीले खालचा रोग हाये' असं सगळीकडे झालं. मंदिरातल्या बाई आल्या, हाराकडे गेलेला हात मागे घेतला. "आधी बऱ्या व्हा," म्हणाल्या. देवीचे हार हेच तिचं पोट, आणि तोच तिचा मान.

डॉक्टरने पुन्हा, वेगळ्या रीतीने तपासणी करायला लावली. मग म्हणाला, "मावशी, हा घशातला, छातीतला जंतू आहे. लघवीत क्वचितच सापडतो. नेहमीच्या तपासणीत तो वाढत नाही, म्हणून दिसला नाही. मूत्रपिंडात खडा आहे, तिथे त्याने घर केलं असावं."

"म्हंजे तो... तसला रोग नाही?"

"नाही हो."

ऑटोत बसल्यावर ती पहिल्यांदा हसली. "आयकलं काय? खोकल्याचाच हाये. इज्जतदार हाये माया जंतू!"

औषध बदललं, बरी झाली. मग मला घेऊन मंदिरातल्या बाईंकडे गेली. लाज गिळून, डॉक्टर बोलला ते सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाल्या, "पण सापडला तर तिथेच ना?"

परत येताना तिने पदर कमरेला खोचला. मग म्हणाली, "छातीत होता तवा हारावर खोकली, त चाललं. तोच खाली गेला त चालत नाही. देवीले कोणी विचारलं काय वो?"

मंदिराचे हार दुसरीकडे गेले. काही दिवस लग्नाच्या गाड्या सजवल्या, पण त्यात तिचा जीव नव्हता. एक दिवस दुकान आवरून तेल्हाऱ्याला लेकीकडे गेली. मला सांगितलंही नाही.

परवा मंदिरातली एक नवी बाई माझ्याकडे कोथिंबीर घ्यायला आली. म्हणाली, "इथं एक हारवाली होती म्हणे. तिच्यासारखा हार कोणालाच जमत नाही. का गेली ती?"

माझं तोंड बाजाराला माहीत आहे. भाव पाडून मागणाऱ्याचा मी बाप काढते. पण आजूबाजूला माणसं उभी होती, आणि डॉक्टरपुढे बोलले होते तो शब्द काही माझ्या तोंडातून निघेना.

"मले काय मालूम," म्हटलं, आणि मान खाली घालून भाजीवर पाणी मारत बसले.