उतारावर दुसरा गियर

आम्ही नवराबायकोने मिळून शेवटचं काय केलं, तर मोबाइलवर एका माणसाला नावं ठेवली. जेवणं झालेली. ती बडीशेप चघळत माझ्या शेजारी बसलेली. मोबाइलवरच्या व्हिडिओत कोणीतरी कॉम्प्युटरवरची बस घाटातून उतरवत होता. गेमच तो, पण गाडी आमच्या एसटीसारखीच लाल, कठडे, वळणं, सगळं खरं वाटत होतं.

"हा उतारावर तिसऱ्यात कसा काय?" ती म्हणाली. "दरीत घालणार सगळ्यांना."

मी एसटीच्या खोपट डेपोला ड्रायव्हर होतो, रिटायर होईपर्यंत. तिचं माहेर ओतूरकडे. माळशेज घाटाने जायचं म्हटलं की ती माझीच ड्यूटी बघून निघायची आणि बरोबर माझ्या मागच्या सीटवर बसायची. बघून बघून गियर पाठ झालेले तिला.

"मी असतो तर दुसऱ्यात उतरवली असती," मी बोललो.

"बोलू नका, करून दाखवा. मी बसते मागे."

"दाखवतो."

त्या रात्री ती झोपेतच गेली. त्यावर मला जास्त लिहायचं नाही.

पुढे कितीतरी दिवस मी नुसता भिंतीकडे बघत बसायचो. एक दिवस डोक्यात आलं, दाखवतो म्हणालेलो, ते राहिलं. खरी गाडी तर आता कोण देणार? मोतीबिंदूनंतर जड गाडीचं लायसन मी वाढवलंच नाही. मग ठरवलं, कॉम्प्युटर घ्यायचा. ठरवलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा नीट जेवलो.

मुलगी घोडबंदरला असते. तिला फोन केला.

"बाबा, आईला जाऊन वर्ष नाही झालं, आणि गेम? लोक काय म्हणतील?"

"लोकांना कुठे माझ्या गाडीत बसायचंय?"

ती म्हणाली, "त्यापेक्षा लॅपटॉप घ्या, भजनं ऐका."

भजनं तिच्या आईलाही आवडत नव्हती.

डोंबिवलीत स्टेशनाबाहेर एका दुकानात गेलो. मालक म्हणाला, "आजोबा, नातवाला पाहिजे का?"

"मला पाहिजे."

"मग हा तयार सेट घ्या. मेल बघायला बेस्ट आहे."

"मला कोण मेल पाठवतंय?" म्हटलं आणि उतरलो पायऱ्या.

त्याच गल्लीत पुढे एक छोटं दुकान होतं. आत चाळिशीची एक बाई कॉम्प्युटरचा डबा उघडून बसलेली, स्क्रू ड्रायव्हर कानामागे खोचलेला. तिने वर न बघताच विचारलं, "काका, चालवायचं काय आहे त्याच्यावर?"

"बस."

आता ती हसणार, असं वाटलं. तर म्हणाली, "घाटात की सपाटीला?"

तिने सांगायच्या आधीच मी स्टूल ओढून बसलो.

तिने समजावलं ते मला समजलं तसं लिहितो. चित्र पळवायला एक वेगळं कार्ड लागतं, पैसा तिथे घाला. मेमरी बऱ्यापैकी घ्या. करंट पुरवणारा डबा हलका घेऊ नका, तो गेला तर बाकीच्यांना घेऊन जाईल. आणि काचेचा, लाल-निळे दिवे लागणारा डबा अजिबात घेऊ नका.

"का? बरा दिसतो की."

"लग्नातली गाडी चालवायचीय का तुम्हाला?"

बाईला जीभ होती. मला बरं वाटलं. घरात किती दिवस मला कोणी टाकून बोललं नव्हतं.

मग तिने स्टिअरिंगचा फोटो दाखवला. गियरचा दांडा उजव्या हाताला, खाली पेडल दोनच.

"क्लच कुठाय?"

"ऑटोमॅटिक आहे काका. सोपं जातं."

"सोपं कोणी मागितलं? आणि उजव्या हाताने गियर टाकतो का कोणी?"

तिने फोटो पुन्हा निरखला. "एवढी विकली, कोणी विचारलं नाही," म्हणाली. दोन-तीन फोन करून तिने तीन पेडलचा सेट मागवला. दांडा सुटा असतो, तो डावीकडे लावता येतो. आवाजाचा एक स्पीकरही मी डावीकडेच ठेवायला सांगितला, कारण आमच्या जुन्या गाड्यांचं इंजिन ड्रायव्हरच्या डाव्या मांडीला चिकटून असायचं. हे ऐकून ती हातातली हिशेबाची वही सोडून हसली. मीही हसलो. माझं हसणं मलाच अनोळखी वाटलं.

सामान आलं त्या दिवशी तिने माझ्यासमोर सगळं जोडलं. मी लहान पोरासारखा वाकून वाकून बघत होतो. डब्यातला पंखा फिरला तेव्हा मला पहिल्यांदा एकट्याच्या हातात गाडी दिलेली तो दिवस आठवला.

संध्याकाळी घरी येऊन तिने टेबलावर सगळं बसवून दिलं. स्क्रीनवर लाल बस, समोर घाट. माळशेजच आहे असं म्हणणार नाही, पण वळणं तशीच. इंजिन घुरघुरत होतं. मी क्लच दाबला, पहिला टाकला आणि तसाच बसलो.

"सोडा ना क्लच, काका. विसरलात?"

विसरलो नव्हतो. मागून कंडक्टरच्या दोन घंट्या झाल्याशिवाय मी उभ्या जन्मात गाडी हलवली नाही. आमच्या घरातही तेच होतं. बाहेर जायचं तर ही कुलूप लावायची, किल्ली सेफ्टी डोअरवर दोनदा आपटायची आणि म्हणायची, "निघा." मग मी जिना उतरायचो.

"उद्या बघतो," मी त्या बाईला सांगितलं. ती चहा पिऊन गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ केली, खाकी शर्ट इस्त्री करून घातला. माझ्या खुर्चीमागे आणखी एक खुर्ची ठेवली. मशीन चालू केलं. मग बायकोची किल्ली घेऊन दारापाशी गेलो आणि सेफ्टी डोअरवर आपटली. दोनदा.

समोरच्या वहिनींनी दार उघडलं. "काय झालं हो?"

"काही नाही. गाडी सुटते."

येऊन बसलो आणि क्लच सोडला. पहिल्याच वळणावर एक ट्रक आडवा आला. हॉर्न दिला, शिवी दिली नाही. उतार लागला तसा दुसऱ्यात घेतली आणि घाट संपेपर्यंत दुसऱ्यातच ठेवली.