चार वेळा विकत घेतलेले डोळे

एकच सिनेमा माणसाने किती वेळा विकत घ्यावा? आमच्या हिच्या मते एकदाही नाही. शेजारणीकडे फुकट लागतो. माझं म्हणणं, सिनेमा कशासाठी घ्यायचाय त्यावर ते अवलंबून आहे. आमच्या घरात एक हिंदी सिनेमा चार वेळा आला आणि चारही वेळा तो पुरता कोणीच पाहिला नाही.

पेणला आमचा गणपतीचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड आणि घरचीच माणसं. बाबा आखणी करायचे, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचे. आई अंगाला आणि पितांबराला रंग द्यायची, पण डोळ्यांना तिने हात लावायचा नाही, हा बाबांनी केलेला नियम. मी लहान असताना रोह्याला त्या सिनेमाचं शूटिंग झालं आणि आरतीच्या प्रसंगाला आमची मूर्ती गेली. पडद्यावर ती जेमतेम पाच सेकंद दिसते. तेव्हापासून गिऱ्हाईक आलं की मूर्ती दाखवायच्या आधी बाबा सिनेमा सांगत. "त्या गणपतीचे डोळे माझे हायत." पण ते डोळे त्यांना स्वतःला पडद्यावर कधी धड दिसलेच नव्हते. एकदा बघायचे, एवढीच त्यांची इच्छा राहिली होती.

आधी व्हिडिओ कॅसेट आणली. तिच्यावर नेमक्या आरतीलाच पांढऱ्या पट्ट्या यायच्या. मग सीडी आली, तर देवाच्या तोंडाचे चौकोन चौकोन झाले. डीव्हीडी स्वच्छ निघाली, पण तोवर बाबांचीच पंचाईत झाली होती. उभा जन्म वीतभर अंतरावर डोळे काढण्यात गेला, त्यामुळे लांबचं त्यांना दिसत नाही आणि चष्मा लावणं त्यांना अपमान वाटतो. टीव्हीला नाक लावलं की नुसते ठिपके. "तुमच्या टीव्हीत दम नाय," म्हणून ते उठून जायचे.

मी रोह्याला कंपनीत आहे. शिफ्टच्या बसमध्ये वेळ जावा म्हणून मी एक जुना, हातात धरून खेळायचा गेम घेतला होता. पेणहून बस सुटली की गडब येईपर्यंत माझे तीन राक्षस मारून होत. चाळिशी उलटलेल्या माणसाला हे शोभत नाही, हे मला घरात रोज कळवलं जाई. एकदा पनवेलच्या जुन्या सामानाच्या दुकानात समजलं की या गेममध्ये घालायचे सिनेमेही मिळायचे. पापडीएवढी तबकडी, प्लास्टिकच्या कवचात बंद. ढीग उपसताना आमचाच सिनेमा हाताला लागला आणि मी तो लगेच घेतला.

घरी उलटतपासणी झाली.

"हा टीव्हीवर लागतो?" हिने विचारलं.

"नाही."

"कॉम्प्युटरवर?"

"नाही. फक्त या गेममध्येच."

"आणि हा गेम बिघडला की?"

मी तबकडीचं कवच पुसायला घेतलं.

"मग देव्हाऱ्यात ठेवा," ही म्हणाली.

तिचं चुकत नव्हतं. तरी मी तबकडी घातली, आरतीवर चित्र थांबवलं आणि गेम बाबांच्या हातात दिला. मूर्ती धरावी तसा त्यांनी तो दोन्ही हातांनी वीतभर अंतरावर धरला. टीव्हीने कधी दिलं नाही ते या डबीने दिलं. बाबांना स्वच्छ दिसलं. त्यांनी अंगठ्याने काच पुसली आणि पुन्हा पाहिलं.

"हे डोळे माझे नायत," ते म्हणाले.

एवढी वर्षं सांगितलेली गोष्ट, आणि ती मोडायला मीच पैसे मोजले होते. "नीट बघा बाबा, चित्र बारीक आहे."

"माझी पापणी शेवटाला वर जाते. ही खाली आल्येय."

आई रंगाच्या वाट्या धूत होती. मान वर न करता ती म्हणाली, "तुमचे कसे असतील? तुमी शूटिंग बघायला आधीच वन्संकडं रोह्याला जाऊन बसलात. इकडं टेंपो नागोठण्याला खड्ड्यात आपटला, मूर्तीचा हात मोडला. टेंपोवाला दुसरी मूर्ती न्यायला परत आला. आता बिनडोळ्यांचा देव पाठवू व्हय?"

गिऱ्हाईकाने मूर्ती ठरवल्याशिवाय डोळे काढायचे नाहीत, ही बाबांचीच पद्धत. म्हणजे शेडमध्ये राहिलेल्या एकाही मूर्तीला डोळे नव्हते. हे जगात कोणाच्या लक्षात यायला हवं होतं, तर बाबांच्याच. पण शूटिंगही त्यांनी गर्दीत लांबूनच पाहिलं होतं.

"मग इतकी वर्षं बोलली नायस ती?"

"तुमी सांगताना लय खूश दिसायचात," आई म्हणाली.

दोन दिवस बाबांनी ब्रश हातात घेतला नाही. मला त्या तबकडीचा राग आला, माझाही आला. तिसऱ्या दिवशी अलिबागचं गिऱ्हाईक आलं. बाबांनी सवयीने सिनेमाचा विषय काढला आणि मध्येच अडखळले. मग शेडच्या कोपऱ्यात बसलेल्या आईकडे बोट दाखवून म्हणाले, "त्या गणपतीचे डोळे हिनं काढलेत." आणि गेम मागवला.

आई पदराला हात पुसत आली. तिने तो प्रसंग कधी पाहिलाच नव्हता. आम्ही टीव्हीपुढे बसलो की ती चहा करत असे. तिने गेम जवळ धरला, डोळे बारीक केले.

"डावा जरा मोठा झालाय," ती म्हणाली.

"नाय गो," बाबा म्हणाले, "बरोबर हाय."

दुसऱ्याच्या आखणीला बाबांनी बरोबर म्हटलेलं मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.