टॉवेल टाकलेल्या खुर्च्या

माझा राग नाकावर असतो, हे आमच्या घरात सगळ्यांनी मान्य केलेलं आहे. बँकेत काउंटरवर दिवसभर गोड बोलावं लागतं, त्याचं उट्टं मी घरी येऊन काढते, असं माझा नवरा म्हणतो. त्यामुळे लोणावळ्यातल्या तुंगार्लीच्या त्या रिसॉर्टात मी तमाशा करायच्या बेतात आहे, हे त्याने माझ्या चेहऱ्यावरूनच ओळखलं होतं. तमाशा झालाही. फक्त तो मी केला नाही. माझ्या आईने केला, आणि आपण काही करतोय याचा तिला पत्ताही नव्हता.

आई लोणावळ्यातल्या एका मोठ्या रिसॉर्टात वीसेक वर्षं कामाला होती. आमचं गाव कामशेतपासून आत, पवनेच्या बाजूला. ती सकाळी जीपने कामशेतला यायची आणि तिथून पुढे लोणावळ्याला. आधी खोल्या झाडणं-पुसणं होतं, नंतर तिला पोहण्याच्या पुलावर टाकलं. पाहुण्यांना कोरडे टॉवेल द्यायचे, ओले गोळा करून लाँड्रीत टाकायचे, खुर्च्या पुसायच्या. शाळेला सुट्टी असली की मी तिच्याबरोबर जायचे आणि लाँड्रीच्या मागच्या पायरीवर बसून राहायचे. तिथल्या मेंदीच्या कुंपणातून पूल दिसायचा आणि काठावरच्या त्या लांब खुर्च्या दिसायच्या. पाठ टेकायची, पाय लांब सोडायचे, आणि कुणी सरबत आणून द्यायचं. एकदा मी आईला विचारलं, त्या खुर्चीत बसल्यावर कसं वाटतं गं?

"जड हाय लय," आई म्हणाली. "दोघींनी उचलावी लागती."

त्या खुर्चीबद्दल तिला एवढंच माहीत होतं. कामावरच्या माणसांनी तिथे बसायचं नाही असा नियम होता, आणि नियम नसता तरी ती बसली नसती.

गेल्या दिवाळीत आई कामावरून कायमची सुटली. तेव्हाच मी मनाशी धरलं होतं की एक दुपार आईने अशा खुर्चीत सावलीला आडवं पडायचं आणि तिला कुणीही उठवायचं नाही. मला बाकी काही नको होतं. मार्चमध्ये शनिवार-रविवार मिळाला तशी मी खोली घेतली. तिच्या जुन्या जागी जायला ती तयार नव्हती. "तितं समदी वळखीची. त्यांनी मला च्या आणून द्यायचा व्हय?" म्हणून दुसरं रिसॉर्ट, जिथे तिला ओळखणारं कुणी नव्हतं. आई, नवरा आणि मी. आईने नवी सुती साडी नेसली होती आणि डब्यात चपात्या घेतल्या होत्या. जेवण खोलीच्या भाड्यात आहे असं मी तिला चारदा सांगितलं होतं.

शनिवारी दुपारी आम्ही पुलावर गेलो तर सगळ्या खुर्च्यांवर टॉवेल होते आणि एकाही खुर्चीत माणूस नव्हतं. एका खुर्चीवर गॉगल, एकीवर उघडं पालथं घातलेलं पुस्तक, एकीवर नुसती डावी चप्पल. वेफर्सच्या अर्ध्या पाकिटाला तर एक अख्खी खुर्ची मिळाली होती, तीही करंजाच्या सावलीतली. पाण्यात दोन मुलं होती. त्यांच्याच मागे भिंतीवर पाटी होती की खुर्च्या अडवू नयेत, बेवारस सामान अर्ध्या तासाने उचललं जाईल.

मी टॉवेलच्या काउंटरवरच्या माणसाला ती पाटी दाखवली. तो साधारण माझ्याच वयाचा होता, आणि हा प्रश्न त्याला रोज कुणी ना कुणी विचारत असणार.

"मॅडम, पाटी आहे," तो म्हणाला. "पण उचलला की पाहुणे आमच्यावर येतात. मग साहेब आम्हालाच म्हणतात, कशाला हात लावलास."

त्याचंही खरंच होतं. आणि आपण तरी कोण मोठे लागून गेलो? एसटीच्या खिडकीतून आत रुमाल फेकून जागा धरणारी माणसं आपण. पण त्या रुमालामागे निदान त्याचा मालक धापा टाकत दारातून चढत तरी असतो. इथे मालक वर खोलीत एसी लावून झोपले होते.

आई तोवर झाडांच्या वाफ्याच्या कठड्यावर जाऊन बसली होती. तिला काहीच कमी पडलं नव्हतं. मला मात्र ते बघवेना. थोड्या वेळाने एका बाईंनी स्वतःची खुर्ची देऊ केली. आई त्या एवढ्या लांब खुर्चीच्या कडेला, डॉक्टरकडे नंबर लावून बसावं तशी बसली. बाईंचा मुलगा पाण्यातून येताना दिसला मात्र, ही उठून उभी. मग एका आजोबांनी बसवलं, त्यांचे मित्र आले, पुन्हा उभी. संध्याकाळपर्यंत हे असंच चाललं. कुणीही तिला ऊठ म्हणालं नव्हतं. कुणी नुसतं त्या दिशेने चालत आलं तरी तिचे गुडघे आपोआप जवळ यायचे आणि ती उठायची.

"अगं, बस की तू!" मी शेवटी ओरडलेच.

"त्यांची हाय ना ती," आई म्हणाली.

रात्री जेवताना मी नवऱ्याला सांगून टाकलं की उद्या पहाटे मी चार टॉवेल टाकणार. तो म्हणाला, आपण तिघं आहोत. मी म्हटलं, चौथा रागाचा. तो हसला आणि त्याने मला आणखी एक गुलाबजाम वाढला. माझ्याशी कसं वागायचं हे त्याला चांगलं जमतं.

पहाटे मी खरंच गेले. अंधार पुरता सरला नव्हता आणि गाऊनवर शाल घेतलेल्या दोन बायका आधीच कामाला लागल्या होत्या. कॅप घातलेला एक उंच गृहस्थ तर खुर्च्यांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टॉवेल अंथरत चालला होता. मी करंजाखालच्या चार खुर्च्या धरल्या. टॉवेल वाऱ्याने उडू नयेत म्हणून एकावर पाण्याची बाटली, एकावर नवऱ्याची टोपी आणि आईच्या खुर्चीवर तिचा चष्म्याचा डबा ठेवला. खोलीवर परतताना लढाई जिंकल्यासारखं वाटत होतं, ते कशाला लपवू? मी पुन्हा अंथरुणात शिरले आणि गाढ झोपले.

उठले तर आई खोलीत नव्हती. फिरायला गेली असेल, नवरा म्हणाला. आम्ही अंघोळी उरकल्या आणि नाश्त्याला निघालो, तेवढ्यात पुलाकडून आवाज ऐकू आले. साधे नव्हे, भांडणाचे.

जाऊन बघते तर एकाही खुर्चीवर टॉवेल नव्हता. सगळ्या खुर्च्या एका ओळीत, पाठी सारख्या उंचीवर लावलेल्या, स्वच्छ पुसलेल्या. काउंटरजवळच्या मोठ्या टोपलीत टॉवेलांचा ढीग. शेजारच्या टेबलावर गॉगल, पुस्तकं, क्रीमच्या बाटल्या, चपला, सगळं नीट मांडलेलं. त्यात माझी बाटली, नवऱ्याची टोपी आणि आईचा चष्म्याचा डबाही होता; डोळ्यांवर चष्मा नसल्याने तो आपलाच आहे हे तिला कळलं नसावं. पलीकडे आई पदर खोचून, हातात ओलं फडकं घेऊन उभी होती. मला बघून तिचा चेहरा फुलला.

"लय पसारा घालून ठिवलाता लोकांनी," ती म्हणाली. "म्या म्हणलं, कोन येस्तवर उरकून टाकावं. मग बसू निवांत."

लवकर उठायची सवय, त्यात फिरत फिरत पुलावर आली आणि समोर बेवारस टॉवेल! वीस वर्षं तिच्या लेखी खुर्चीवर पडलेल्या टॉवेलचा एकच अर्थ होता. त्या टॉवेलने कुणी जागा धरली असेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. साऱ्या रिसॉर्टची आरक्षणं तिने टोपलीत टाकली होती, आणि त्यात माझंही होतं.

भांडण मात्र तिच्याशी चाललंच नव्हतं. सगळे त्या काउंटरवाल्यावर तुटून पडले होते. कॅपवाले गृहस्थ सर्वांत पुढे. आम्ही पहाटे उठून टाकलेले टॉवेल तू कुणाला विचारून काढलेस? तो बिचारा सांगत होता की मी आत्ताच ड्यूटीवर आलो, मला काही माहीत नाही. ते कुणी ऐकून घेत नव्हतं. मॅनेजरला बोलवा, असं कुणीतरी मागून ओरडलं.

आईला काय चाललंय ते तेव्हा उमगलं. तिचा चेहरा उतरला. फडकं तसंच हातात धरून ती गर्दीत शिरली.

"त्याला बोलू नका," ती म्हणाली. "म्या उचलल्यात समदी."

कॅपवाल्यांनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. खोचलेला पदर पाहिला, फडकं पाहिलं. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं? कोण सुपरवायझर आहे तुमचा?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सुपरवायझर नाही, मुलगी आहे," मी म्हणाले. "त्या माझ्या आई आहेत. इथे पाहुण्या म्हणून आल्यात, तुमच्यासारख्याच. खोलीची चावी दाखवू?"

नोकराला झापायचं कसं, हे तिथे सगळ्यांना येत होतं. पण पैसे भरून आलेल्या एका पाहुणीने तुमची खुर्ची पुसून ठेवली, तर तिला काय म्हणायचं, ते कुणालाच सुचेना. मग ही माझी होती, ती आमची होती, असं सुरू झालं. पण टॉवेल सगळे रिसॉर्टचे, एकाच निळ्या रंगाचे. कोणता कुठला, कोण सांगणार? शाल घेतलेल्या बायकांपैकी एक हे ऐकता ऐकता जवळच्या खुर्चीत सरळ बसून मोकळी झाली. बाकीच्यांनी तिच्याकडे पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं, आणि हळदीकुंकवाला संगीत खुर्ची खेळताना गाणं थांबल्यावर होते तशी धावाधाव उडाली. माझा नवरा हसून हसून बेजार झाला. गंमत म्हणजे सगळे बसले तरी खुर्च्या उरल्या. निम्मी मंडळी तर अजून नाश्त्यालाच होती.

या धांदलीत सावलीतल्या खुर्च्यांपैकी करंजाखालची एक तेवढी कुणाला मिळाली नाही, कारण काउंटरवाला तिच्यासमोर उभा होता. त्याने आईला हाक मारली. तिच्या गळ्यातलं बाबासाहेबांचं पदक त्याला दिसलं असावं.

"जय भीम, मावशी. इथं बसा. आणि ते फडकं द्या माझ्याकडे."

"जय भीम, दादा. तुला उगं बोलनी खावी लागली."

"त्याचं काय? रोजचंच आहे. बसा तुम्ही."

आई बसली. आधी कडेलाच. मी तिचे पाय उचलून वर ठेवले आणि खांद्याला धरून तिला मागे टेकवलं. तिने अंग सैल सोडलं नाही. पदर सारखा केला, पावलं झाकली, इकडेतिकडे पाहिलं. मग डोकं टेकवून वर करंजाकडे बघत राहिली. मी शेजारी फरशीवरच बसले. मला फार बरं वाटत होतं.

तेवढ्यात कॅपवाले गृहस्थ परत आले. त्यांच्या वाट्याला उन्हातली खुर्ची आली होती. आवाज आता नरम होता. "आजी, रागावू नका. पण ही सावलीतली जागा आमची होती हो. आमच्या आईला ऊन सोसत नाही."

ती जागा त्यांची नव्हती, पहाटे मी धरलेली होती. मी तोंड उघडलं. नवऱ्याने मागून माझा दंड धरला. आईचे गुडघे जवळ यायला लागले होते, ते मला दिसलं. आता उठणार. उठली की संपलं.

गुडघे तिथेच थांबले.

"तुमच्या आईला घिऊन या," आई म्हणाली. "माझ्या बाजूची ही खुर्ची सरकवा अशी हिकडं, सावली लय हाय. मी न्हाई उठायची आता."

शेवटचं वाक्य तिने अगदी सहज म्हटलं. ते गृहस्थ "बरं" म्हणाले. त्यांनी आणि माझ्या नवऱ्याने मिळून ती खुर्ची उचलली आणि आत सावलीत आणली. त्यांची आई आली, आडवी झाली. दोघी म्हाताऱ्यांचं गुडघेदुखीवर बोलणं सुरू झालं, ते नाश्त्याची वेळ टळून गेली तरी संपेना. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नवरा म्हणाला, ऊन लागतंय का? मी म्हटलं, गप्प बस.

दुपारी आई उठली. कुणी उठवलं नव्हतं, तिला पाण्यात पाय सोडून बसायचं होतं. खुर्चीपासून दोन पावलं गेली आणि परत फिरली.

"एक टॉवेल आन गं."

"पाय पुसायला?"

"न्हाई. खुर्चीवर टाकाया. मी पान्यात गेल्यावर कोन बसलं तर?"

मी पळत जाऊन टॉवेल आणला. तो तिने स्वतः अंथरला, चारी कोपरे नीट दाबले, आणि पायऱ्यांवर जाऊन साडी घोट्याच्या वर धरून पाण्यात पाय सोडले. मी खुर्चीशेजारी राखण करत बसले. थोड्या वेळाने एक माणूस आला आणि ही खुर्ची रिकामी आहे का, म्हणून विचारू लागला.

"नाही," मी म्हणाले. "माझ्या आईची आहे."